प्लेटलेट्स अडीच लाख, तरी घोळणा थांबत नाही : रक्तपट्टिका चिकटतात कशाने?

कृष्णाकाठ (धागाकर्ती)

माझ्या लेकीचे कान बारशाच्या दिवशी टोचले. सोनार आजोबांनी दोनदा हळद दाबली, तिसऱ्यांदा तुरटी लावली, तरी दुपट्यावर रात्रभर थेंब पडत राहिले. घरात सगळ्यांनी तारेला दोष दिला. तिसऱ्या वर्षी घोळणा फुटायला लागला. उन्हाळा आहे, अंगात उष्णता आहे, नाकात बोट घालते, सगळं ऐकून झालं. दूर्वांचा रस नाकात सोडून झाला, टाळूवर गार पाण्याची धार धरून झाली. पहिला दुधाचा दात पडला तेव्हा दोन दिवस उशीवर टॉवेल घालावा लागला.

या सगळ्या काळात तिच्या प्लेटलेट्स किती होत्या? २ लाख ६० हजार. कधी थोड्या वर, कधी थोड्या खाली. दर वेळी रिपोर्टवर बोट ठेवून आम्हाला सांगितलं जायचं, "काउंट नॉर्मल आहे, काळजी करू नका." चार वर्षं आम्ही त्या आकड्यावर विसंबलो. लेक सात वर्षांची असताना एका रक्तविकारतज्ज्ञ बाईंनी विचारलं, "काउंट बघितला, पण त्या चिकटतात का, ते कुणी बघितलं?"

मी ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. रक्तपट्टिकांचं काम रक्त थांबवणं, हे वाक्य मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिलं. थांबवतात म्हणजे नेमकं काय करतात, हा प्रश्न स्वतःच्या मुलीच्या बाबतीत मला पडला नाही, याचं वाईट वाटतं. गेल्या काही वर्षांत जे वाचलं, समजून घेतलं, ते इथे लिहिते आहे. कुणाच्या घरात असं मूल असेल तर त्यांची चार वर्षं वाचावीत, एवढीच इच्छा.

रक्तपट्टिका म्हणजे २-३ मायक्रॉनचा, केंद्रक नसलेला तुकडा. अस्थिमज्जेतल्या मोठ्या पेशींपासून तो तुटून निघतो आणि ७ ते १० दिवस रक्तात फिरतो. फिरताना तिने कशालाही चिकटायचं नाही, आणि जखम दिसली की क्षणात चिकटायचं. या दोन उलट्या जबाबदाऱ्या सांभाळतात तिच्या पृष्ठभागावरचे रिसेप्टर. शाळेच्या भाषेत ग्राही म्हणा, मी पुढे रिसेप्टरच म्हणते.

वाहिनीचं आतलं अस्तर फाटलं की खालचं कोलॅजन, म्हणजे भिंतीतलं धाग्यांसारखं प्रथिन, उघडं पडतं. रोहिणीत रक्त एवढं जोरात वाहतं की पट्टिका थेट कोलॅजनला धरून टिकू शकत नाही, वाहून जाते. म्हणून मध्ये एक दोर लागतो : फॉन विलेब्रांड फॅक्टर, एक अतिशय लांब प्रथिन. एरवी तो गुंडाळी होऊन फिरतो आणि पट्टिका त्याच्याकडे ढुंकून बघत नाहीत. कोलॅजनला अडकला की प्रवाहाच्या ओढीने तो ताणला जातो, उलगडतो आणि त्याची धरायची जागा उघडी होते. पुरात काठच्या झाडाला अडकलेला दोर पाण्याबरोबर लांबच लांब सुटावा, तसा. पट्टिकेवरचा जीपी-वन-बी हा रिसेप्टर तो दोर पकडतो. ही पकड कायमची नसते. पट्टिका धरते, सुटते, पुन्हा धरते आणि भिंतीवरून सरपटत तिचा वेग कमी होतो. मला हे सगळ्यात विलक्षण वाटतं : ज्या ओढीने पट्टिका वाहून जायला हवी, तीच ओढ तिला थांबायची जागा उघडून देते.

वेग कमी झाला की जीपी-सिक्स हा दुसरा रिसेप्टर कोलॅजन ओळखतो आणि आत निरोप देतो. पट्टिका आकार बदलते, हातपाय पसरते, आपल्या कणिकांमधून एडीपी नावाचा निरोप्या रेणू बाहेर टाकून शेजारणींना बोलावते. आणि मग उघडतो तिसरा, सगळ्यात महत्त्वाचा रिसेप्टर. नाव अल्फा-टू-बी बीटा-थ्री, जुन्या पुस्तकांत जीपी-टू-बी-थ्री-ए. हा इंटिग्रिन कुळातला, म्हणजे पेशींना धरून ठेवणाऱ्या रिसेप्टरांपैकी. एका पट्टिकेवर असे साधारण ८० हजार असतात. शांत असताना ते घडीच्या विळीसारखे मिटून पडलेले असतात. आतून निरोप आला की टॅलिन नावाचं प्रथिन रिसेप्टरच्या बीटा या भागाच्या शेपटीला धरतं आणि विळी उभी राहते. मग ती फायब्रिनोजेन हे रक्तातलं प्रथिन पकडते. फायब्रिनोजेनची दोन्ही टोकं सारखी असतात. एक टोक एका पट्टिकेच्या हातात, दुसरं दुसरीच्या. अशा लाखो साखळ्या जुळल्या की गुठळी.

माझ्या मुलीच्या पट्टिकांवर तो तिसरा रिसेप्टर जवळजवळ नाहीच. संख्या पुरेशी, आकार छान, जखमेपर्यंत येतात, भिंतीला चिकटतातही. पण एकमेकींचा हात धरू शकत नाहीत. या आजाराचं नाव ग्लान्झमान थ्रॉम्बॅस्थेनिया. स्वित्झर्लंडमधले बालरोगतज्ज्ञ एडुआर्ड ग्लान्झमान यांनी १९१८ साली तो नोंदवला. त्यांच्या लक्षात आलं होतं की या मुलांच्या रक्ताची गुठळी नंतर आवळून लहान होत नाही, सैलच राहते. थ्रॉम्बॅस्थेनिया म्हणजे दुबळ्या पट्टिका. त्यांच्या पृष्ठभागावर नेमकं काय कमी आहे, ते पॅरिसमध्ये नर्डन आणि काँ यांनी १९७४ साली दाखवायला सुरुवात केली. मध्ये ५६ वर्षं गेली.

तुमचे अनुभव लिहा. प्रश्न विचारा. जेवढं येतं तेवढं सांगेन.

---

शेवंती

ताई, वाचताना अंगावर काटा आला. लेकीला खूप आशीर्वाद. एक शंका : हा हिमोफिलियाचाच प्रकार का? आमच्या नात्यात एका मुलाचा गुडघा सारखा सुजतो, त्याला हिमोफिलिया सांगितला आहे.

---

कृष्णाकाठ

शेवंती, नाही, वेगळा. हिमोफिलियात पट्टिका ठीक असतात, रक्त गोठवणाऱ्या प्रथिनांपैकी (त्यांना फॅक्टर म्हणतात) आठवा किंवा नववा कमी असतो. रक्तस्राव खोल होतो : सांधे, स्नायू. तो बहुतेक मुलग्यांना होतो. पट्टिकांच्या दोषात कातडी आणि ओले भाग वाहतात : नाक, हिरड्या, पाळी. अंगावर निळे डाग पडतात, जखम झाल्या क्षणापासून वाहत राहते. मुलगा-मुलगी दोघांनाही सारखाच धोका.

हाच फरक एरिक फॉन विलेब्रांड यांना खटकला होता. फिनलंडच्या ऑलांड बेटांवरच्या फग्लो गावातली पाच वर्षांची एक मुलगी त्यांच्याकडे आणली होती. तिच्या घराण्यात बायकाही रक्तस्रावाने दगावत होत्या, म्हणजे हा हिमोफिलिया नव्हे, असं त्यांनी १९२६ साली मांडलं. वर लिहिलेला 'दोर' तो हाच. ती मुलगी पुढे तिच्या चौथ्या पाळीत गेली. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही, कारण माझी लेक तेव्हा दहा वर्षांची होती.

---

काचनळी

मी रक्तविकाराच्या प्रयोगशाळेत २२ वर्षं काम करते आहे. धागाकर्तींनी मुद्दा अचूक धरला आहे. तपासणीबद्दल थोडं लिहिते, कारण पालक सगळ्यात जास्त तिथेच अडतात.

सीबीसीचं, म्हणजे रक्तपेशी मोजायच्या नेहमीच्या तपासणीचं, यंत्र पट्टिका मोजतं. पीटी आणि एपीटीटी या रक्त गोठण्याच्या तपासण्या फॅक्टर बघतात. ग्लान्झमानच्या मुलाचे हे तिन्ही रिपोर्ट स्वच्छ येतात, म्हणून तीन कागद हातात घेऊन आईबाप घरी जातात. खरी तपासणी म्हणजे प्लेटलेट अॅग्रिगेशन, पट्टिका एकमेकींना चिकटतात का ते बघणारी. गुस्ताव बॉर्न यांनी १९६२ साली ती मांडली (भौतिकीतले नोबेल विजेते माक्स बॉर्न यांचे हे चिरंजीव. माक्स बॉर्न १९३५-३६ च्या सुमारास काही महिने बंगळूरला, रामन यांच्या संस्थेत होते). कल्पना इतकी साधी की मी नव्या मुलींना शिकवताना आजही आनंदते. पट्टिका असलेला प्लाझ्मा गढूळ दिसतो. त्यात एडीपी किंवा कोलॅजन टाकलं की पट्टिका गोळा होतात, प्लाझ्मा निवळतो आणि त्यातून प्रकाश जास्त जातो. तो प्रकाश कागदावर रेघ होऊन चढतो.

ग्लान्झमानमध्ये एडीपी, कोलॅजन, अॅड्रेनलीन, अॅराकिडोनिक आम्ल, चारही रेघा जमिनीला लागून. फक्त रिस्टोसेटिनची रेघ वर जाते. रिस्टोसेटिन हे मुळात प्रतिजैविक होतं. ते घेणाऱ्यांच्या पट्टिका कमी व्हायला लागल्या म्हणून औषध म्हणून बंद झालं. पुढे कळलं की ते फॉन विलेब्रांड फॅक्टरला जीपी-वन-बीशी जोडतं, प्रवाहाच्या ओढीशिवाय, काचेच्या नळीत. रुग्णांना अपाय करणारा गुण प्रयोगशाळेत निदानाचं हत्यार झाला.

याच्या बरोबर उलटं चित्र म्हणजे बेर्नार-सूलिए सिंड्रोम (१९४८, दोघेही फ्रेंच). तिथे जीपी-वन-बीचाच संच नसतो. बाकी रेघा चढतात, रिस्टोसेटिनची चढत नाही. पट्टिका राक्षसी मोठ्या, काही तर लाल पेशीएवढ्या. यंत्र त्यांना पट्टिका म्हणून मोजतच नाही आणि काउंट आहे त्याहून कमी दाखवतं. मग त्या मुलाला आयटीपी (शरीर स्वतःच्याच पट्टिका नष्ट करतं तो आजार) समजून महिनोन्‌महिने स्टेरॉइड दिलं जातं, कधी पाणथरीही काढली जाते. काचपट्टीवर रक्ताचा थेंब पसरून सूक्ष्मदर्शकाखाली डोळ्यांनी बघा, असं मी प्रत्येक नव्या डॉक्टरला हात जोडून सांगते.

पालकांसाठी : तपासणीआधी किमान १० दिवस अॅस्पिरिन नको, आणि आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामकांबद्दल प्रयोगशाळेला आधी विचारा. रक्त तिथेच जाऊन द्या. बर्फात ठेवलेला नमुना या तपासणीला चालत नाही. पक्कं निदान फ्लो सायटोमेट्रीवर होतं, त्यात पट्टिकांवरचे रिसेप्टर मोजतात : सीडी-४१ आणि सीडी-६१ (तिसऱ्या रिसेप्टरचे दोन भाग) आणि सीडी-४२-बी (जीपी-वन-बीचा भाग). मुंबईत परळला केईएमच्या आवारात राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्था आहे, अशा दुर्मिळ रक्तविकारांच्या निदानाचं काम तिथे होतं.

---

पावसचा_आंबा

वाचनखूण साठवली.

एक विचारू का? आमच्याकडे कातळावर फुरसं चिक्कार. चावलं की हिरड्यांतून रक्त येतं, लघवी लाल होते. तेही या रिसेप्टरांचंच काम का? बाबांची अँजिओप्लास्टी झाली तेव्हा ठिबकीतून टिरोफिबान दिलं होतं, आणि हे औषध सापाच्या विषावरून आलं आहे असं तिथल्या सिस्टर म्हणाल्या होत्या.

---

विळखा

(पीएच.डी. चालू आहे, विषय इंटिग्रिन. म्हणून उत्साह आवरत नाही.)

पावसकर, सिस्टरांनी खरं सांगितलं, आणि साप तुमचाच आहे! फुरशाच्या विषात एकिस्टॅटिन नावाचं ४९ अमिनो आम्लांचं छोटं प्रथिन असतं. त्याच्या बाहेर आलेल्या एका वळशाच्या टोकाशी आर्जिनिन-ग्लायसिन-अॅस्पार्टिक आम्ल ही तिकडी असते. इंटिग्रिन कुळातले बरेच रिसेप्टर हीच तिकडी ओळखतात, हे १९८४ साली पियर्शबाखर आणि रूओस्लाटी यांनी फायब्रोनेक्टिन या दुसऱ्या प्रथिनावर काम करताना दाखवलं होतं. एकिस्टॅटिन त्या उघड्या विळीत जाऊन बसतं आणि फायब्रिनोजेनला जागाच उरत नाही. त्या तिकडीची नक्कल करणारा लहानसा रेणू बनवला, तो टिरोफिबान. एप्टिफिबाटाइड हे दुसरं औषध अमेरिकेतल्या एका बुटक्या रॅटलस्नेकच्या विषावरून आलं. दोन्हींना अमेरिकेत १९९८ साली मान्यता मिळाली.

मात्र फुरसं चावल्यावर जो रक्तस्राव होतो त्याचं मुख्य कारण एकिस्टॅटिन नाही. विषातली दुसरी प्रथिनं रक्त गोठवण्याची साखळी उगाचच चालू करतात, फायब्रिनोजेन सगळं खर्च होतं आणि मग रक्त गोठायला काही शिल्लकच राहत नाही. म्हणून ग्रामीण रुग्णालयात स्वच्छ काचेच्या नळीत रक्त घेऊन २० मिनिटं न हलवता ठेवतात. नळी आडवी केल्यावर रक्त ओघळलं तर विष चढलं आहे. त्यावर प्रतिविषच लागतं. आपल्याकडचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारांवर चालतं.

या औषधांची पहिली पायरी मात्र धागाकर्तींच्या लेकीसारख्या मुलांमुळे चढली गेली. अमेरिकेत बॅरी कोलर ग्लान्झमानच्या रुग्णांचा अभ्यास करत होते. त्यांचा विचार असा : एक रिसेप्टर नसल्याने पट्टिका जुळत नाहीत, तर हृदयविकाराच्या झटक्यात तोच रिसेप्टर काही तास झाकला तर? त्यांनी उंदराच्या पेशींपासून तो झाकणारं प्रतिद्रव्य बनवलं. त्यातूनच अॅबसिक्सिमॅब तयार झालं, डिसेंबर १९९४ मध्ये मान्यता. म्हणजे काका अँजिओप्लास्टीच्या टेबलावर होते ते काही तास त्यांना औषधाने तात्पुरता ग्लान्झमान दिला होता. टिरोफिबानची ठिबक थांबली की साधारण ४ ते ८ तासांत पट्टिका पुन्हा कामाला लागतात.

मात्र नुसतं रिसेप्टर झाकणं एवढंच सोपं नाही. अशाच गोळ्या तोंडाने रोज द्यायचे मोठे प्रयोग झाले. त्यात मृत्यू कमी व्हायच्या ऐवजी वाढले, आणि त्या गोळ्या बंद पडल्या. एक स्पष्टीकरण असं की नक्कल करणारा रेणू आत बसतो तेव्हा विळीला स्वतःच उघडायला लावतो. रेणू निघून गेला की उघडी विळी फायब्रिनोजेनची वाट बघत उभी. मिटलेली आहे तशीच कुलूपबंद ठेवणारा रेणू शोधण्यामागे म्हणूनच इतकी मेहनत चालली आहे.

---

पावसचा_आंबा

बाबांना वाचून दाखवलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "त्या पोरीला माझा नमस्कार कळव."

---

देशमुख_वाडा

माहिती उत्तम, पण मूळ कारणावर कुणी बोलत नाही. हे आजार नात्यातल्या लग्नांमुळे होतात. मामाच्या मुलीशी लग्न लावायचं आणि मग दवाखान्यांच्या पायऱ्या झिजवायच्या. शिकलेल्या लोकांनी तरी हे थांबवावं.

---

कृष्णाकाठ

दादा, आमचं लग्न नात्यातलं नाही. तरीही तुमच्या म्हणण्यात तथ्य आहे, म्हणून नीट लिहिते.

या रिसेप्टरचे दोन भाग, त्यांची दोन जनुकं, दोन्ही गुणसूत्र १७ वर. त्यातला एक जरी भाग नीट बनला नाही तर दुसरा एकटा पृष्ठभागावर पोचत नाही. आईकडून एक आणि वडिलांकडून एक, अशा एकाच जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या मिळाल्या तरच आजार होतो. आम्हा दोघांकडे प्रत्येकी एक बिघडलेली प्रत आहे. आमच्या पट्टिकांवर रिसेप्टर साधारण निम्मे आहेत, आणि निम्मे पुरतात, म्हणून आम्हाला आयुष्यात कधी कळलं नाही. अशा जोडप्याच्या प्रत्येक बाळाला चारात एक धोका. नात्यातल्या लग्नात दोघांकडे तीच प्रत असण्याची शक्यता वाढते. म्हणून जगात हा आजार काही समाजांत जास्त दिसतो : इराकी ज्यू, फ्रान्समधले रोमा, काही अरब कुटुंबं, आणि आपल्याकडे दक्षिण भारत.

लग्न ठरवताना हे बोललं जावं, मलाही वाटतं. पण ज्यांच्या घरात मूल आधीच जन्मलं आहे त्यांना हे वाक्य सुनावू नका. माझ्या सासूबाईंनी आमच्या पत्रिकेपर्यंत दोष शोधला होता. त्या माऊलीला शेवटी मी कागदावर दोन जनुकं काढून दाखवली, तेव्हा त्या रडल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे माझ्याकडूनही आलं असेल." त्यानंतर कुणी कुणाला दोष दिला नाही.

---

देशमुख_वाडा

ताई, माझे शब्द टोचले असतील तर क्षमा करा. जनुकांचा तपशील मला माहीत नव्हता.

---

शेवंती

काचनळीताई, डेंग्यूत प्लेटलेट्स आणायला धावपळ होते तेव्हा पिशवी फ्रिजमध्ये ठेवू नका असं बजावतात. रक्त तर फ्रिजमध्ये ठेवतात ना?

---

काचनळी

लाल पेशी फ्रिजमध्ये. पट्टिका २० ते २४ अंशांवर, सतत हलणाऱ्या ट्रेवर, ५ दिवस. थंडीने पृष्ठभागावरचे जीपी-वन-बी एकमेकांजवळ गोळा होतात आणि यकृतातल्या भक्षक पेशी अशा पट्टिका लगेच उचलून नेतात. रुग्णाला दिल्या तरी फार काळ फिरत नाहीत. म्हणून रक्तपेढीतून निघाल्यावर रमतगमत जायचं नाही, आणि बर्फाच्या डब्यातही ठेवायचं नाही.

---

औंढ्याची_आई

मी मराठवाड्यातून लिहिते. माझ्या मुलाला, वय ९, मागच्या महिन्यात हेच निदान झालं. धागा तीनदा वाचला. त्याची एक दाढ किडली आहे, काढायची आहे. गावचे दंतवैद्य नको म्हणतात. शाळेत खेळायला पाठवू का? मला भीती वाटते.

---

कृष्णाकाठ

ताई, आधी एक गोष्ट : भीती वाटणारच. आम्ही पहिले सहा महिने लेकीला पलंगाच्या कडांना गाद्या बांधून ठेवलं होतं. आता ती पोहते, सायकल हेल्मेट घालून चालवते, कबड्डी मात्र नाही.

दाढ गावात काढू नका. जिथे रक्तविकारतज्ज्ञ आणि दंतवैद्य एकाच इमारतीत आहेत तिथे, आधी ठरवून, सकाळच्या वेळी. ट्रॅनेक्झॅमिक अॅसिड आधीपासून सुरू करतात. ते पट्टिका चिकटवत नाही, झालेली गुठळी विरघळू देत नाही. त्याच्याच चुळा भरायलाही देतात. आमचं त्यावरच भागलं.

लगेच प्लेटलेट्स चढवा असं कुणी म्हणालं तर थांबून विचारा. ज्या मुलाच्या अंगात हा रिसेप्टर कधी नव्हताच, त्याचं शरीर दुसऱ्याच्या पट्टिकांवरचा रिसेप्टर परका समजून त्याविरुद्ध प्रतिद्रव्यं बनवू शकतं. मग खऱ्या संकटात चढवलेल्या पट्टिका टिकत नाहीत. जीव धोक्यात असेल तेव्हा द्यायच्याच, तिथे मागेपुढे बघायचं नाही. पण घोळण्यासाठी नको. पट्टिकांचा उपयोग होईनासा झाला तर रिकॉम्बिनंट फॅक्टर सेव्हन-ए (प्रयोगशाळेत बनवलेलं, रक्त गोठवणारं प्रथिन) आहे. युरोपात या आजारासाठी त्याला २००४ साली मान्यता मिळाली. महाग आहे, पण कुठे मिळतं ते आजच विचारून ठेवा.

अॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक घरातूनच हद्दपार करा. तापाला पॅरासिटामॉल. लस चुकवायची नाही. लस देणाऱ्याला आधी सांगायचं, बारीक सुई घ्यायला लावायची आणि नंतर दहा मिनिटं घट्ट दाबून धरायचं. हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी तपासणी) दर काही महिन्यांनी बघा. थेंबाथेंबाने लोह जातं आणि मूल आळशी झालंय असं वाटत राहतं.

आणि घोळणा फुटला की मान मागे नको. पुढे वाकवून नाकाचा मऊ भाग चिमटीत धरा, घड्याळ लावून १५ मिनिटं, मध्ये सोडून बघायचं नाही.

माझ्या लेकीची पाळी बाराव्या वर्षी आली. आम्ही वर्षभर आधी तयारी केली होती : तज्ज्ञ बाईंनी हार्मोनच्या गोळ्यांचं कागदावर लिहून दिलं होतं, शाळेच्या बाईंना माहीत होतं, दप्तराच्या आतल्या कप्प्यात आजाराचं नाव आणि रक्तगट लिहिलेलं कार्ड होतं. तरी तिसऱ्या दिवशी दवाखान्यात न्यावं लागलं. हिमोग्लोबिन ७ वर आलं होतं. पाच दिवसांनी घरी आलो. दारात सासूबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि लेक म्हणाली, "आजी, आता भूक लागलीय."

कार्डाचा मराठी मजकूर मी टाइप करून ठेवला आहे. ताई, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, पाठवते. त्यात मुलाचं वय आणि तुमच्या डॉक्टरांचा नंबर तेवढा भरा.